चौथऱ्याखालची कला : चंदीगडच्या निमित्ताने खेळकर शिल्पाचा विचार

१

मराठीत शिल्पकलेविषयी जे थोडेफार विवेचन झाले आहे, त्यात मूर्तीच्या दोनच जागा गृहीत धरलेल्या दिसतात : एक गाभारा आणि दुसरी चौथरा. गाभाऱ्यातील मूर्तीपुढे आपण हात जोडतो. चौथऱ्यावरील पुतळ्याकडे मान वर करून पाहतो. दोन्ही ठिकाणी मूर्ती आपल्याहून मोठी असते, आणि ती मोठी आहे हे पाहण्यापूर्वीच आपण मान्य केलेले असते. परंतु जी मूर्ती वस्तीतल्या रस्त्याच्या कडेला आपल्याच उंचीवर उभी आहे, जिच्या पाठीवर शेजारचे मूल चढते, जिला पाहून कामावर निघालेला माणूस क्षणभर हसतो, आणि जिचे प्रयोजन विचारले असता ‘असेच, गंमत म्हणून’ याखेरीज दुसरे उत्तर मिळत नाही, तिची जागा कोणती ? समीक्षा तिला ‘शोभा’ म्हणून नगरपालिकेच्या स्वाधीन करते, अथवा ‘करमणूक’ म्हणून मुलांच्या. तिच्याविषयी काही निर्णय द्यावा, एक बरी व दुसरी वाईट असे म्हणावे, इतकी प्रतिष्ठा तिला अद्याप मिळालेली नाही. गेल्या काही दशकांत निरनिराळ्या देशांतील शहरांनी वस्तीतल्या रस्त्यांवर अशी शिल्पे मुद्दाम आणून उभी केली आहेत, आणि त्यांत पुष्कळदा रहिवाशांचाही हात लागला आहे. अशा वेळी हे मौन सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

ही प्रतिष्ठा तिला पूर्वी कधी नव्हती असेही नाही. बदामीच्या पहिल्या लेण्याच्या जोत्यावर बुटक्या, पोटल्या गणांची एक ओळच्या ओळ कोरलेली आहे. त्यांतले कोणी नाचतात, कोणी वेडेवाकडे हावभाव करतात. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत असता खालच्या पट्टीत गण नंदीची खोडी काढण्यात दंग आहेत. वर देवांचा खेळ, खाली गणांचा. आणि वरच्या गांभीर्याला खालच्या खोडकरपणामुळे कोठे उणेपणा येत नाही. किंबहुना वरचा खेळ हा देखील खेळच आहे याची आठवण खालचे गण करून देतात. आपल्या शिल्पपरंपरेत हास्याला जागा होती, आणि ती जोत्यावर होती. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राज्याबरोबर आपल्या शहरांत पुतळे आले, त्यांच्याबरोबर चौथरेही आले; परंतु त्या चौथऱ्यांवर गण नव्हते. तेथे नाव, पदव्या आणि जन्ममृत्यूची साले होती. स्वातंत्र्यानंतर वरचे पुतळे बदलले. चौथरा मात्र तोच राहिला.

२

या चौथऱ्याविरुद्ध एका शहराने उघड आज्ञा काढली, आणि म्हणून हा प्रश्न त्या शहराच्या आधारे मांडणे सोयीचे आहे. ते शहर म्हणजे चंदीगड. फाळणीने लाहोर पलीकडे गेले आणि पंजाबला नव्या राजधानीची गरज पडली. १९५१ पासून ल कॉर्ब्युझिए, त्याचा चुलतभाऊ पिएर झानरे, आणि इंग्लंडहून आलेले मॅक्सवेल फ्राय व जेन ड्र्यू हे दांपत्य या कामाला लागले. शहराच्या रहिवाशांसाठी ल कॉर्ब्युझिएने जो आदेशलेख तयार केला, त्यात व्यक्तींचे पुतळे शहरात अथवा उद्यानांत उभारू नयेत असे स्पष्ट कलम आहे. कोणाचे स्मरण करावयाचेच असेल तर ते योग्य जागी लावलेल्या कांस्यपट्टिकेवर करावे, अशी त्याची तोड होती. पुतळ्यांचा काळ संपला, या श्रद्धेतून हे कलम आलेले आहे.

हे कलम धाडसाचे आहे यात शंका नाही. प्रत्येक चौकात पुतळा आणि प्रत्येक पुतळ्यामागे एक वाद अशी आपल्या शहरांची स्थिती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्यातील शहाणपण निराळे सांगावयास नको. परंतु पुतळा नाही म्हटल्यावर रस्त्यावर काय असावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पाहावयाचे तर मंत्रालयाकडे न जाता वस्तीत जावे लागते, आणि चंदीगडच्या अगदी प्रारंभीच्या वस्त्यांपैकी एक म्हणजे सेक्टर २२.

सेक्टर म्हणजे सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असा आयत. वेगाची वाहने त्याच्या कडेने जातात. आत दुकानांचा एक वाकडातिकडा रस्ता आणि हिरवळीचा पट्टा. सेक्टर २२ च्या रचनेत फ्राय व ड्र्यू यांचा वाटा मोठा आहे. उघड्या विटांच्या भिंती, उन्हाला अडविणाऱ्या जाळ्या, कमी वेतनाच्या नोकरांसाठी लहान पण स्वतंत्र घरे, चालण्याच्या अंतरावर शाळा व बाजार, फ्रायने बांधलेले किरण चित्रपटगृह : हे सारे एका समंजस बुद्धीने घडविलेले आहे. मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, हा विचार तर सेक्टरच्या कल्पनेच्या मुळाशीच आहे. भारतातल्या फार थोड्या वस्त्यांनी मुलाचा इतका विचार केला असेल.

तथापि या विचारात एक मर्यादा आहे. मुलाला खेळण्यासाठी जागा दिली. खेळणे दिले नाही. हिरवळ मोकळी आहे, आणि मोकळेपणा हेच तिचे सौंदर्य मानलेले आहे. ल कॉर्ब्युझिएला खेळाचे वावडे होते असे मात्र म्हणता येणार नाही. कॅपिटॉलच्या इमारतींतील काँक्रीटमध्ये त्याने मासा, साप, बैल, सूर्य अशी चिन्हे ठशांनी उमटविली. विधानसभेच्या मोठ्या दारावर रंगीत मिनाकारीत प्राणी, झाडे व तारे चितारले. ही चिन्हे पाहताना एका वयस्क कलावंताच्या अंगातील मूल जागे झाल्याचा प्रत्यय येतो. परंतु ती राज्यसत्तेच्या भिंतींवर आहेत. सेक्टर २२ मधल्या चपराश्याच्या मुलाच्या वाटेवर त्यांतला एकही मासा पोहत आला नाही. खेळ शहराच्या माथ्यावर राहिला. वस्तीच्या वाट्याला शिस्त आली.

३

ज्या काळात हे शहर उभे राहत होते, त्याच काळात त्याच्या कडेला दुसरे एक शहर चोरून उभे राहत होते. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते-निरीक्षक. जन्म १९२४ चा, गाव शकरगड तालुक्यातले. ते १९४७ साली पाकिस्तानात गेले आणि नेकचंदांचे कुटुंब निर्वासित होऊन इकडे आले. १९५१ पासून ते चंदीगडच्या कामावर होते. १९५७-५८ च्या सुमारास त्यांनी शहराच्या उत्तरेला, कॅपिटॉल आणि सुखना तलाव यांच्यामधल्या राखीव वनभूमीत दगड आणि टाकाऊ वस्तू साठविण्यास आरंभ केला. नोकरीचे तास संपल्यावर, पुष्कळदा रात्री, कोणाच्याही परवानगीवाचून हे काम चालले. सरकारी अधिकाऱ्यांच्या दृष्टीस ते पडले तेव्हा सुमारे १२ एकरांवर आकृतींची वस्ती पसरलेली होती. कायद्याने ती जमीनदोस्त व्हावयाची. परंतु लोकमत आणि काही जाणत्या अधिकाऱ्यांचा विवेक यांमुळे ती वाचली. १९७६ साली ती ‘रॉक गार्डन’ या नावाने लोकांना खुली झाली आणि नेकचंदांना त्याच कामावर नेमून मजूर देण्यात आले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१५ साली ते निवर्तले.

ही हकिगत प्रसिद्ध आहे, आणि तिच्या प्रसिद्धीमुळेच कलाकृतीचे परीक्षण मागे पडले आहे. एका साध्या माणसाने एकट्याने केले, हे कौतुक खरे असले तरी तो कलेचा निकष होऊ शकत नाही. आकृतींकडेच पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट द्रव्याची. फुटक्या बांगड्या, तुटलेल्या कपबश्या, स्नानगृहातील चिनीमातीची भांडी, विजेची निकामी सॉकेटे, सायकलींचे सांगाडे, भट्टीतली मळी : या सर्वांना सिमेंटने बांधून माणसे, माकडे, पक्षी व वाद्ये घेतलेले वादक घडविले आहेत. द्रव्य आपली ओळख सोडीत नाही. बांगड्यांच्या तुकड्यांचा घागरा हा एकाच वेळी घागरा असतो आणि बांगड्यांचे तुकडेही. पाहणाऱ्याचे मन या दोन टोकांमध्ये हेलकावे घेत राहते, आणि त्या हेलकाव्यातच विनोद निर्माण होतो. परंतु याच द्रव्याला दुसरी बाजू आहे. चंदीगडसाठी तेथली गावे उठविली गेली. त्या गावांचे अवशेष आणि नव्या शहराच्या बांधकामातून पडलेला उकिरडा हा नेकचंदांचा कच्चा माल होता. स्वतःचे गाव गमावलेला माणूस दुसऱ्यांच्या गमावलेल्या गावांचे तुकडे वेचून एक काल्पनिक राज्य उभारतो. या खेळाच्या तळाशी विस्थापन आहे. त्यामुळे त्याला केवळ ‘गंमत’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसरी गोष्ट रचनेची. या आकृती एकेकट्या पाहिल्या तर त्यांत फारसे काही नाही हे मान्य करावे लागेल. चेहरे बहुधा एकसारखे, अंगे ताठ, हात चिकटलेले. शरीररचनेच्या ज्ञानाची अपेक्षा धरणाऱ्यास त्या ओबडधोबड वाटतील. परंतु त्या एकेकट्या पाहावयाच्या नाहीतच. ओट्यांवर ओळीमागून ओळ अशी त्यांची गर्दी आहे. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे सांगितली. त्यांच्या आधारे या गर्दीकडे पाहिले तर असे दिसेल की, एकसारख्या चेहऱ्यांच्या संवादाला द्रव्यांच्या वैचित्र्याने सतत विरोध होत असतो, आणि ओट्यांच्या चढउतारामुळे तो तोलला जातो. एक आकृती काढून घेतली तर ती अनाथ होईल. गर्दीला मात्र तिचा अभाव जाणवणार नाही. व्यक्तीच्या पुतळ्याच्या नेमका उलट असा हा प्रकार आहे. पुतळ्यात एकाला सर्वांवर उचलले जाते. येथे कोणीही कोणावर नाही. ल कॉर्ब्युझिएच्या आदेशातील कलम ज्याने अक्षरशः आणि भावार्थानेही पाळले असा कलावंत चंदीगडला लाभला खरा, पण आदेश लिहिणाऱ्याने त्याची कल्पना केलेली नव्हती.

तिसरी गोष्ट पाहणाऱ्याच्या शरीराची. वाटा अरुंद आहेत, दारे ठेंगणी आहेत. उंच माणसाला वाकून जावे लागते आणि लहान मूल ताठ चालते. चौथऱ्याने जे नाते लादले होते ते येथे उलटे झाले आहे. पुढच्या भागातल्या उंच कमानींना झोपाळे टांगलेले आहेत आणि त्यांवर वडीलधारी माणसेही संकोच न करता बसतात.

दोषही सांगितले पाहिजेत. १९७६ नंतर सरकारी साह्याने जो विस्तार झाला, त्यातील मोठे धबधबे आणि भव्य कमानी यांत पहिल्या अंगणांतली दाटी व लपवाछपवी उरलेली नाही. भव्यता ही खेळाला मानवणारी गोष्ट नव्हे. आणि सर्वांत मोठा दोष असा की, हा सारा खेळ एका कुंपणाच्या आत, तिकिटाच्या पलीकडे आहे. सेक्टर २२ चा रहिवासी तेथे पाहुण्यांना घेऊन जातो. शाळेतून परतणाऱ्या मुलाच्या वाटेवर त्या आकृती लागत नाहीत. ज्या वस्त्यांच्या टाकाऊ वस्तूंतून त्या जन्मल्या, त्या वस्त्यांकडे त्या परतल्या नाहीत.

४

येथे मूळ तात्त्विक प्रश्नाकडे वळावयास हवे. खेळकरपणा हे कलेचे मूल्य आहे काय ? आपल्याकडे ही शंका निघावी याचेच आश्चर्य वाटते. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात, त्याला भरताने ‘क्रीडनीयक’ हाच शब्द योजला आहे. पाहता यावे, ऐकता यावे असे खेळणे. आणि ते सर्व वर्णांसाठी असावे अशी तेथे अटही आहे. म्हणजे आपल्या सौंदर्यविचाराच्या आरंभीच खेळणे आणि सार्वजनिकता यांची गाठ घातलेली आहे. पाश्चात्त्य विचारात शिलरने १७९५ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून क्रीडावृत्तीला मनुष्यत्वाच्या पूर्णतेचे स्थान दिले. तेव्हा खेळ हलका आणि कला भारी, ही वाटणी ना आपली आहे ना त्यांची. ती बहुधा शाळेतल्या वेळापत्रकाची असावी.

परंतु ‘खेळकर शिल्प’ म्हणताना दोन भिन्न गोष्टी एकत्र होण्याचा धोका आहे. एक शिल्प स्वतः खेळते, दुसरे आपल्याला खेळू देते. दुसऱ्या प्रकाराचा सर्वांत कडवा पुरस्कर्ता डच वास्तुकार आल्डो व्हान आयक. १९४७ पासून सुमारे तीस वर्षांत त्याने अॅमस्टरडॅममध्ये सातशेहून अधिक क्रीडास्थळे रचली, बरीचशी युद्धाने उजाड झालेल्या अथवा घरांमध्ये पडून राहिलेल्या मोकळ्या जागांत. वाळूचा हौद, काँक्रीटचे गोल ठोकळे, वाकविलेल्या नळ्यांच्या कमानी, एवढेच त्याचे साहित्य. प्राण्यांचे आकार त्याने कटाक्षाने टाळले. हत्ती केला की मुलाला त्याचा हत्तीच करावा लागतो. नुसती कमान दिली तर ती आज गुहा आणि उद्या जहाज होते, असा त्यामागचा विचार.

हा आक्षेप वजनदार आहे. आपल्या शहरांतील बागांमध्ये सशाच्या, पेंग्विनच्या आकाराच्या ज्या कचरापेट्या तोंड उघडून उभ्या असतात, त्यांच्याकडे पाहिले तर तो पटतोही. तेथे आकृती आहे, रंग आहे, हसू देखील आहे. पण खेळ नाही, कारण त्या सशाचे कर्तव्य आधीच ठरलेले आहे. नेकचंदांनी कचऱ्याची आकृती केली. येथे आकृतीची कचरापेटी केली आहे.

तथापि व्हान आयकचा आक्षेप सर्व साकार शिल्पांना लागू पडत नाही. मुंबईत मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानात १९५२ पासून म्हातारीचा बूट आहे. त्याचे मूळ एका इंग्रजी बालगीतात. ते गीत न ऐकलेल्या असंख्य मराठी मुलांनी त्या बुटाला आपले मानले. त्याच्या आत शिरता येते, जिन्याने वर जाता येते, खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आईला हाक मारता येते. तो बूट आहे हे कोणी विसरत नाही, आणि तो बूट असल्यामुळे कोणाचे काही अडतही नाही. आकाराने कल्पना बांधली जाते ती आकार केवळ पाहण्यापुरता असेल तेव्हा. त्याच्या आत शिरण्याची मुभा असेल तर आकारच कल्पनेचे दार होतो.

५

याहून निर्णायक पुरावा आपल्या अंगणातला आहे, आणि तो इतका परिचित आहे की त्याला शिल्प म्हणण्याचे आपल्या मनातही येत नाही. दिवाळीत महाराष्ट्रातील गल्लोगल्ली मुले किल्ला करतात. शेजारच्या बांधकामावरून विटा येतात, कोणाच्या घरून जुने पोते येते. माती कालवून बुरूज उभे राहतात, अळीव पेरून रान उगवले जाते, गुहेत वाघ बसतो. दरवाजापेक्षा मावळा मोठा असतो, आणि घाटरस्त्यावरून एखादी खेळण्यातली मोटारही जाते. इतिहास, प्रमाण, परिप्रेक्ष्य यांचे सारे नियम येथे मोडलेले असतात, आणि तरीही किल्ला पाहावयास येणारा शेजारी गंभीरपणे विचारतो, ‘हा कोणता ? राजगड की प्रतापगड ?’ नेकचंदांच्या अंगणांशी याचे साम्य उघड आहे : तेच टाकाऊ द्रव्य, तीच ओळींची गर्दी, तेच हरवलेल्या राज्याचे स्वप्न. फरक इतकाच की किल्ला रस्त्यावर असतो, तो अनेकांच्या हातचा असतो, आणि दिवाळी सरली की तो ढासळू दिला जातो.

या शेवटच्या गोष्टीला मी विशेष महत्त्व देतो. पुतळा ढासळला तर दंगल होते. किल्ला ढासळला तर पुढच्या वर्षी नवा होतो. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी व पिवळी मारबत मिरवितात आणि त्यांच्याबरोबर वर्षभरातील अप्रिय गोष्टींची खिल्ली उडविणारे बडगे निघतात. दिवस संपताना सर्वांचे दहन होते. तेथेही नाशाचा हक्क वस्तीकडे आहे. वस्तीची कला म्हणजे वस्तीत ठेवलेली कला नव्हे. जिच्या घडण्यामोडण्यात, निदान नाव देण्यात तरी, वस्तीचा हात आहे ती. मुंबईच्या काळ्या घोड्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८७९ साली बसविलेल्या त्या शिल्पात घोड्यावर इंग्लंडचा युवराज होता. लोकांनी युवराजाला वगळून जागेला घोड्याचे नाव दिले. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या उद्यानात हलविला गेला, तरी नाव तेथेच राहिले. २०१७ साली त्या परिसरात नवे शिल्प आले, ते स्वाराविना नुसत्या घोड्याचे. लोकांच्या जिभेने जे कधीच केले होते त्याला धातूने मान्यता दिली, इतकेच.

अलीकडे दिवाळीच्या बाजारात तयार किल्ले विकत मिळतात. ते सुबक असतात, प्रमाणबद्ध असतात, आणि त्यांच्याभोवती भांडण होत नाही. वस्तीत शिल्पे आणण्याच्या ज्या योजना होतात, त्यांच्यापुढेही हाच मोह आहे : कारखान्यातून रंगविलेला हत्ती आणावा, उद्घाटन करावे, फलक लावावा. तसे झाले तर ल कॉर्ब्युझिएने बंद केलेला चौथरा मागल्या दाराने परत येईल. त्यावर पुढाऱ्याऐवजी हत्ती असेल एवढाच भेद. अशा शिल्पाचे परीक्षण करताना ते किती गोजिरवाणे आहे यापेक्षा, त्याला लोकांनी दिलेले निराळे नाव आहे काय, त्याचा कोणता भाग हातांनी झिजून चकचकीत झाला आहे, आणि ते मोडले तर दुरुस्तीला शेजारी येतो की अर्ज करतो, हे प्रश्न समीक्षकाने विचारावेत असे मला वाटते. हे कलेबाहेरचे प्रश्न आहेत असा आक्षेप येईल. परंतु क्रीडनीयकाचे रूप खेळणाऱ्यावाचून पुरे होत नाही. त्यामुळे खेळाच्या खुणा या त्याच्या रूपाचाच भाग होत.

रॉक गार्डनची या कसोटीवर एकदा परीक्षा झालेली आहे. १९९० च्या सुमारास त्या भूमीतून रस्ता काढण्यासाठी यंत्रे आली, तेव्हा चंदीगडच्या नागरिकांनी हातात हात घालून त्यांच्यापुढे साखळी धरली आणि यंत्रे परत गेली. आखीव सेक्टरांतून राहणारी ती माणसे ज्या आकृतींसाठी उभी राहिली, त्यांत एकाही थोर पुरुषाची आकृती नव्हती. त्यांच्या घरच्या फुटक्या बश्या मात्र होत्या. सेक्टर २२ च्या हिरवळीवर उद्या शिल्पे यावयाची असतील तर ती कोणत्या शैलीची असावीत, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या बश्या गोळा करण्याचे काम तेथल्या मुलांकडे सोपविले जाते की नाही, यावर त्यांचे बरेवाईट ठरेल.